भाऊजींची बंदूक

बाग म्हटले की आपल्याकडे बगीचाच डोळ्यांपुढे येतो. माझ्या थोरल्या बहिणीचे बाग म्हणजे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले गाव. तिथल्या लेण्यांतली भित्तिचित्रे आणि कापडावरची छपाई यांमुळे काही वाचकांनी नाव ऐकले असेल. इतक्या लांब मराठी घरे कशी, असे कुणी विचारले तर मी सांगतो, धार आणि देवास पवारांचे, बाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. शिवाय १९४७ साली देवासचे विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर आले. तेव्हा ही वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे गेलो, तर घरात एकच विषय. भाऊजींना जुनी बंदूक घ्यायची होती. मक्यात रानडुकरे शिरतात, एका रात्रीत निम्मे वावर आडवे करतात. खानापूर-चंदगडकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. भाऊजींकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. दारू ठासा, छर्रे भरा, तोवर डुक्कर पलीकडच्या शिवारात. अशात त्यांच्या ओळखीच्या एका घराने जुनी बेल्जियन ब्राउनिंग देऊ केली. अर्धस्वयंचलित, पाच बारी. किंमतही बेताची. भाऊजींनी एक जाडजूड फाइल माझ्यापुढे टाकली. "प्रोफेसर, तुम्ही एम.ए. ना? हे इंग्रजी वाचा आणि सांगा."

बंदूक मात्र मोठी देखणी होती, हे कबूल केले पाहिजे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने १९०० च्या सुमारास ती रचली आणि बेल्जियमच्या कारखान्यात ती पाऊणशे वर्षे निघत राहिली. चाप ओढला की नळी आणि खटका दोन्ही एकदम मागे सरकतात, मग नळी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर उडते आणि खटका नवे काडतूस घेऊन पुढे येतो. सगळे धक्क्याच्याच जोरावर. आत एक स्प्रिंग आणि घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या काडतुसाला त्यांची एक मांडणी, भारी काडतुसाला दुसरी. मांडणी चुकली, स्प्रिंग थकली किंवा कुणी हौसेने तिथे तेल ओतले, की धक्का आवरत नाही आणि पुढचे लाकूड तडकते. देऊ केलेल्या बंदुकीचे लाकूड दोन ठिकाणी तडकलेलेच होते. वर पॉलिश छान मारले होते.

पण खरी तडक कागदांत होती. परवाना घरातल्या आजोबांच्या नावाचा. ते वारून काही वर्षे झालेली. बंदूक तशीच कपाटात. परवानाधारक गेला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, असे १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. वारसाला पुढे रीतसर अर्ज करून ते आपल्या नावावर मागता येते. तसे न करता ठेवलेले हत्यार म्हणजे विनापरवाना हत्यार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. त्यात ही अर्धस्वयंचलित. असली बंदूक साध्या जिल्हा परवान्यावर मिळत नाही, तिची परवानगी दिल्लीला गृहमंत्रालयाकडे. भाऊजींच्या पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ती चढणे शक्यच नव्हते. मी फाइल मिटली. भाऊजी दिवसभर बोलले नाहीत.

मग काय करता येते, ते त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात सापडले. पीकसंरक्षणाला ठासणीची बंदूक पुरत नाही, असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर तो वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी साधी छर्ऱ्याची बंदूक मंजूर करू शकतो. भाऊजींनी तो अर्ज केला, मक्याच्या नुकसानीचा पंचनामा जोडला. मंजुरी उन्हाळ्यात आली. दरम्यान त्यांनी बारा बोअरची एक जुनी दुनळी पाहून ठेवली होती, मालक हयात आणि परवाना चालू. ती तपासायला त्यांनी इंदूरचे एक वृद्ध कारागीर नेले. मे महिन्यात मीही तिथेच होतो, म्हणून सोबत गेलो. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळवला. मग नळ्या सोडवून उजेडाकडे धरल्या. आत गंजाचे खड्डे, पोचे दिसतात का ते पाहिले. नळ्या दोरीला टांगून नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला तर जोड पक्का, बद्द आला तर मधली पट्टी सुटलेली. पुढचे लाकूड काढून बंदूक बंद केली आणि कानाशी हलवली, बिजागरी खुळखुळते का म्हणून. शेवटी काडतुसाच्या घराची लांबी मापली. जुन्या विलायती बंदुकांत हे घर ६५ मिलिमीटरचे असते, आणि आज ७० चे काडतूस सर्रास मिळते. ते आत जाते, बसतेही. उडताना मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. ही दुनळी सत्तरची निघाली. वृद्धांनी मान हलवली, तेव्हा कुठे भाऊजींनी किमतीचा विषय काढला.

विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्यात लेखी कळवल्यावर पंचेचाळीस दिवस जावे लागतात, मगच बंदूक हातात येते.

निगा राखण्याचे त्या वृद्धांनी जे सांगितले ते आपल्याकडच्या दुनळीवाल्यांनाही उपयोगी आहे. बार काढल्यावर त्याच रात्री नळी पुसायची. आधी पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, शेवटी पातळ तेलाचा हात. खोबरेल लावू नका, ते चिकट होते आणि थंडीत थिजते. शिवणयंत्राचे तेल चालेल. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, चामडे ओल धरते. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा नेण्याआधी तेल द्या, नंबर घातलेली पावती घ्या आणि परत आणल्या दिवशीच उघडून पाहा. काडतुसे ओलीने फुगली, पितळेवर हिरवे चढले, तर ती वाळवून वापरायची नाहीत.

कन्नड घरांत हे वाचून कोडगूची आठवण निघेल. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनवाल्यांना परवान्यातून सूट आहे, ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. कोवी हा त्यांच्या घरचा देव. पण ती सूट तेवढ्यांपुरती. आपण खंडेनवमीला, आयुधपूजेला शस्त्रावर हळदकुंकू वाहतो, त्याने परवाना नव्याने होत नाही.

आणि एक गोष्ट भाऊजींना पचायला सर्वांत जड गेली. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि नीलगाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. उभ्या पिकाची नासधूस होत असली तरी मारायला वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. "म्हणजे बंदूक घेऊन मी बसू आणि डुकराने मका खावा?" भाऊजींनी विचारले. मी म्हणालो, वनखात्याकडेही अर्ज करा. शेताला काटेरी कुंपण आणि रात्रीची राखण या दोन्ही गोष्टी सोडू नका. त्यांना ते फारसे आवडले नाही.

ताईने या सगळ्यात एकच अट घातली. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आणि बंदुकीची बातमी शाळेत त्याने कधीच पोहोचवली होती. "बंदूक एका कपाटात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दुसरी किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला," ती म्हणाली. भाऊजी म्हणाले, "मग रात्री डुक्कर आले तर तुला उठवू?"

"उठवा," ताई म्हणाली.

पंचेचाळीस दिवस पुरे झाले, दुनळी घरी आली. गेल्या आठवड्यात ताईचा फोन होता. वनखात्याचे उत्तर अजून आलेले नाही. कुंपणाचे खांब मात्र रोवून झाले आहेत.