कारणाचा रकाना

सुपरहिरोच्या सिनेमाचा पुढचा भाग पुन्हा शूट होतोय, अशी बातमी आली की आमच्या भागात त्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, पहिली पाळी सुटल्यावर टपरीवरच्या चहाला, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘रीशूट म्हणजे गेला.’ दिग्दर्शक बदलला असेल तर मग बोलायलाच नको. आणि सिनेमा खरोखरच पडला, तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पहिल्या दिग्दर्शकाचा कट बाहेर काढा, खरा सिनेमा त्यात आहे.

ही मतं मांडणारी माणसं उथळ नाहीत. त्यांचा या सिनेमांवर जीव आहे आणि हाती दाखलेही आहेत. तरीही दोन्ही म्हणणी मला चुकीची वाटतात. पहिलं तर पिंपरी-चिंचवडच्या माणसाने म्हणूच नये. केलेलं काम पुन्हा करणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

मी टूलरूममध्ये काम केलेला माणूस आहे. पत्र्याच्या भागाची नवी डाय प्रेसवर चढते, तेव्हा पहिल्या ट्रायलला भाग बरोबर निघेल अशी अपेक्षा कोणीच धरत नाही. कुठे सुरकुती पडते, कुठे कोपऱ्यात पत्रा फाटतो, कुठे दाब सुटल्यावर तो मागे येतो आणि माप चुकतं. मग डाय उतरते. फिटर तिला ब्लू लावतो, पंच टेकवतो, रंग उठेल तिथे घासतो. पुन्हा ट्रायल. दुसरी, तिसरी. याला कोणी अपयश म्हणत नाही, हेच काम आहे. मात्र ड्रॉईंग बदलायचं असेल तर चेंज नोट लागते. तिच्यात जुनं माप, नवं माप, सही आणि बदलाचं कारण असे रकाने असतात. अनुभवी माणूस नोट हातात आली की आधी कारण वाचतो. ‘असेंब्लीत भाग अडकतो’ असं लिहिलं असेल तर तो कुरकुरतो, पण डाय सोडवायला घेतो. कारण कामाच्या बाहेरचं असेल, तर पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला तिथेच कळतं.

सिनेमालाही हाच प्रश्न विचारायला हवा, असं माझं म्हणणं आहे. पुन्हा केलं की नाही, हे विचारून काहीच हाती लागत नाही. कशासाठी केलं, हे विचारा.

नोव्हेंबर 2017 घ्या. त्या एकाच महिन्यात ‘थॉर: रॅग्नारॉक’ आणि ‘जस्टिस लीग’ आले. पुन्हा चित्रीकरण दोघांचंही झालं होतं. ‘थॉर’च्या पहिल्या झलकीत खलनायिका हेला थॉरचा हातोडा शहरातल्या एका गल्लीत चुरडते. पडद्यावर तोच प्रसंग नॉर्वेच्या समुद्रकाठच्या हिरव्या कड्यावर घडतो. थॉरचे वडील ओडिन यांच्या अखेरच्या क्षणांना गल्ली शोभत नव्हती, म्हणून प्रसंग हलवला. कारण कामातलं होतं, आणि आज तो प्रसंग गल्लीत कल्पून पाहणंही अवघड जातं.

‘जस्टिस लीग’ ही ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या पुढची कथा. घरावर कोसळलेल्या दुःखामुळे झॅक स्नायडर मे 2017 मध्ये बाजूला झाले. जॉस व्हीडन यांनी काम हाती घेतलं आणि बरंच काही नव्याने चित्रित झालं. प्रदर्शनाची 17 नोव्हेंबर ही तारीख मात्र तसूभरही हलली नाही. तोवर सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिल यांनी ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या पुढच्या भागासाठी मिशी राखली होती, आणि तो सिनेमा करणारी कंपनी ती काढू देईना. मग मिशीसकट शूटिंग झालं आणि सुपरमॅनचा वरचा ओठ संगणकावर नव्याने बनवला गेला. सिनेमा सुरू होताच मोबाइलवर लहान मुलांशी बोलणारा सुपरमॅन दिसतो, तेव्हा त्याचं तोंड नीट पाहा. ओठ हलतो, पण त्याच्या आजूबाजूचा चेहरा त्याच्याबरोबर हलत नाही. ही चूक दिग्दर्शकाची नव्हे आणि कलाकाराचीही नव्हे. मिशी काढून पुन्हा वाढण्याइतके आठवडे त्या तारखेत नव्हते.

‘सुपरमॅन 2’ची कथा तर याहून मोठी आहे आणि ती मला आजही अस्वस्थ करते. रिचर्ड डोनर यांनी मार्च 1977 मध्ये दोन्ही भागांचं चित्रीकरण एकदमच सुरू केलं. पहिला भाग लांबत चालला, तेव्हा दुसऱ्याचं काम थांबवलं गेलं. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तोवर हातात होता. पहिला भाग डिसेंबर 1978 मध्ये आला आणि जगभर चालला. पैसा आणि वेळ यांवरून निर्माते साल्किंड पितापुत्र आणि डोनर यांच्यात आधीपासून वितुष्ट होतं. 1979 मध्ये डोनर यांना काढून रिचर्ड लेस्टर यांना आणलं गेलं.

आता कारणांचा रकाना वाचा. सुपरमॅनच्या वडिलांच्या भूमिकेतले मार्लन ब्रँडो दुसऱ्या भागासाठीही चित्रित झाले होते. पण नफ्यातल्या वाट्यावरून त्यांचं निर्मात्यांशी बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांचे प्रसंग काढून टाकले गेले. त्या जागी आईच्या भूमिकेतल्या सुझाना यॉर्क आल्या. बापलेकाच्या नात्यावर उभारलेल्या कथेतून बाप गेला, तो पैशापायी. दिग्दर्शक म्हणून लेस्टर यांचं नाव लागायचं, तर सिनेमाचा मोठा हिस्सा त्यांनी स्वतः चित्रित करणं भाग होतं, म्हणून नीट झालेले प्रसंगही पुन्हा घेतले गेले. खलनायकाच्या भूमिकेतले जीन हॅकमन परतले नाहीत. उरलेल्या ठिकाणी त्यांच्यासारखा दिसणारा माणूस पाठमोरा उभा केला आणि आवाजही दुसऱ्याचा दिला. यातल्या एकाही बदलाचं कारण ‘प्रसंग जमत नव्हता’ हे नाही.

यावर कोणी म्हणेल, तरी सिनेमा चाललाच ना? चालला, आणि मलाही तो आवडतो. पण चालला तो डोनर यांनी आधी करून ठेवलेल्या कामावर आणि सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या खांद्यावर. वाचलेल्या कामाचं श्रेय ते काम मोडणाऱ्या निर्णयाला देता येत नाही.

आता दुसरा मुद्दा, मूळ दिग्दर्शकाच्या कटचा. 2006 मध्ये ‘सुपरमॅन 2’चा डोनर कट निघाला. ब्रँडो परत आले, याचा मलाही आनंद झाला. पण त्यात हॉटेलच्या खोलीतला एक प्रसंग आहे. क्लार्क हाच सुपरमॅन हे सिद्ध करायला लोईस त्याच्यावर पिस्तूल झाडते. हा प्रसंग डोनर यांच्याकडून चित्रित व्हायचा राहून गेला होता, म्हणून निवडीच्या वेळच्या चाचण्यांचं चित्रीकरण जोडून तो उभा केला आहे. एका शॉटमध्ये रीव्ह अंगाने बारीक दिसतात, दुसऱ्यात केस आणि चष्माही वेगळे. शेवट तर पहिल्याच भागातला, काळ मागे फिरवण्याचा. दुसऱ्या भागासाठी योजलेला हा शेवट आधीच पहिल्या भागाला देऊन झाला होता, आणि नवा सुचायच्या आत डोनर यांना घालवलं. तेव्हा ‘खरा सिनेमा कपाटात आहे’ हे सांत्वन खोटं आहे. तो सिनेमा झालाच नाही. कपाटात आहेत ते त्याचे तुकडे. ‘जस्टिस लीग’चा स्नायडर यांचा सुमारे चार तासांचा कट 2021 मध्ये आला आणि तो मूळ सिनेमापेक्षा नक्कीच एकसंध आहे, पण त्यासाठीही नव्याने पैसा आणि मेहनत ओतावी लागली.

अशा बदलांचा भार शेवटी कोणावर पडतो, हे आपल्याकडे बोललंच जात नाही. शेवटच्या महिन्यात प्रसंग बदलला की व्हीएफएक्सवाल्यांच्या रात्री जातात. चौकटीमागून चौकट पात्राची कड कापून काढायची, नको ते पुसायचं, ही रोटो आणि पेंटची कामं मोठ्या प्रमाणावर भारतात होतात, मुंबई-पुण्यातही. तिकडे मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर 2023 मध्ये एकमुखाने युनियनच्या बाजूने मत दिलं. कामगार चळवळ पाहिलेल्या आपल्या शहराला हे परकं वाटू नये. सिनेमा पडला की ‘ग्राफिक्स भिकार’ म्हणून आपण याच मुलांना नावं ठेवतो, याचं मला वाईट वाटतं.

उरला एक आक्षेप, आणि तो चाकणचा माणूस घेणारच: तारीख नसेल तर काम संपणारच नाही. मान्य. तारीख मलाही हवी आहे आणि काही वेळा ती कामातूनच येते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ चित्रमालिकेच्या रूपात 1991 पासून ‘सकाळ’मध्ये यायचा. श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर केलेला सिनेमा मे 2012 मध्ये आला आणि ‘चिंटू 2’ एप्रिल 2013 मध्ये, त्याच दिग्दर्शकाचा आणि शुभंकर अत्रे हाच चिंटू असलेला. कागदावरचा चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. पडद्यावरच्या मुलाचा आवाज फुटतो, उंची वाढते. तिथे लवकर काम उरकण्याला कथेतलंच कारण आहे.

पण जी तारीख कामातून आलेली नाही, ती हलवता येते, आणि हे त्याच साल्किंड यांनी एकदा करून दाखवलं होतं. पहिला ‘सुपरमॅन’ 1978 च्या उन्हाळ्यात यायचा होता. उडणारा माणूस खरा वाटेपर्यंत चाचण्या चालल्या, वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर गेले. तेव्हा त्यांनी दुसऱ्या भागाचं काम थांबवलं, तारीख डिसेंबरवर नेली आणि डोनर यांनाच काम पुरं करू दिलं.