वारलीची नक्षी आणि झाकलेल्या रेघा

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या भिंतीवर वारली नक्षी लावायची म्हटलं की हल्ली आपण इंकस्केप उघडतो. मोफत आहे, छान आहे. पण बरेच जण त्रिकोणावर त्रिकोण चढवतात आणि नको असलेली रेघ पांढऱ्या चौकोनाने झाकून टाकतात. स्क्रीनवर चांगलं दिसतं. मला मात्र ही पद्धत अजिबात पटत नाही.

कारण सांगते. आपल्या दिघ्यात रेडियमवाल्याकडे फाईल दिली की त्याच्या मशीनला रंग कळत नाही, रेघ कळते. झाकलेली रेघसुद्धा ते कापतं. मग नाचणाऱ्याचं धड एकीकडे, पाय दुसरीकडे. आणि पैसे बहुतेक वेळा पालकांच्या वर्गणीचे असतात हो!

जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. तांदळाच्या पिठाने काढताना आकार एकमेकांवर चढला तरी पांढऱ्यात पांढरं मिसळून जातं. संगणकात तसं आपोआप होत नाही, करावं लागतं.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं. टोकं नुसती टेकवली तर जोड कच्चा राहतो, म्हणून थोडं चढवायचंच. मग सगळे भाग निवडून पाथ मेनूतलं 'युनियन' करायचं. हातपाय नुसत्या रेघांचे असतील तर आधी 'स्ट्रोक टू पाथ'. 'कंबाइन' म्हणजे युनियन नव्हे, त्यात चढलेला भाग बरेचदा पोकळ होतो. शेवटी आउटलाइन मोडमध्ये बघा, तिथे काहीच लपत नाही.

तारपा नाचाचं सगळं वर्तुळ मात्र एकदम जोडून टाकू नका. उद्या एक नाचणारा कमी करायचा झाला तर? मूळ फाईलमध्ये प्रत्येक जण सुटा ठेवा, कापायच्या प्रतीतच हात जोडा.

आणि हे फक्त संगणकाचं काम समजू नका, चौथी-पाचवीला क्षेत्रफळ शिकवताना हेच वापरता येतं. चौकटीच्या कागदावर १२-१२ चौकटींचे दोन आयत असे काढायला सांगा की ४ चौकटी दोघांत सामायिक येतील. एकूण किती चौकटी व्यापल्या विचारलं की पटकन २४ म्हणणारी मुलं निघतातच. रंगवून मोजायला लावा, २० भरतात.