बाटली नको, खुरपं बरं!

पहिला पाऊस पडला, की आमच्या परसात भाजीच्या आधी तण वर येतं. मिरची-वांगी मागे आणि गाजरगवत, हरळी, लव्हाळा पुढे! यंदा माझी कंबर धरली होती. ह्यांनी दुकानातून तणनाशकाची बाटली आणली. म्हणाले, "कशाला वाकत बसतेस? एका फवाऱ्यात सगळं साफ!" खरं सांगते, मलाही पटलं. पंपात पाणी ओतणार, तोच सासूबाई ओरडल्या, "अगं थांब, तिथं माझी घोळ आहे ना!"

मी खाली पाहिलं. ज्याला मी सरसकट तण म्हणत होते, त्यात घोळ होती, तांदुळजा होता, कडेला पाथरी होती. आदल्याच दिवशी आम्ही त्यातली भाजी खाल्ली होती!

तणनाशकाला भाजी कळत नाही, मैत्रिणींनो. त्यातल्या ग्लायफोसेटबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' असा इशारा दिला. काही देशांच्या संस्थांना तो मान्य नाही. पण आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त अधिकृत कीडनियंत्रकांनीच वापरावं असं म्हटलं. मग ज्या मातीतली कोथिंबीर आपण लेकरांच्या ताटात वाढतो, तिथं हा खेळ कशाला?

तण काढू नका, असं मी म्हणत नाही. 'तण खाई धन' हे खरंच आहे. पण उपाय घरचेच आहेत. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं आणि देशभर पसरलं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून फुलावर येण्याआधी, जमीन ओली असतानाच मुळासकट उपटा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नाहीतर अंगाला खाज सुटते. फूल न आलेलं गवत खुशाल खताच्या खड्ड्यात टाका. कुंपणाशी टाकळा पेरा. तो गाजरगवताला दाबतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

वाफ्यात पाचट पसरा. आपल्या जिल्ह्यात उसाला काय तोटा! चार बोटं जाड थर दिला, की खालच्या तणाला ऊन मिळत नाही, ओलही टिकते. फक्त रोपाच्या बुंध्याला ते चिकटवू नका. लव्हाळा मात्र वरवर उपटून भागत नाही. खाली गाठी राहिल्या, की पुन्हा हजर! त्या खुरप्यानं उकरूनच काढाव्या लागतात. फरशीच्या फटीतल्या गवतावर उकळतं पाणी ओता. मीठ टाकू नका, माती नासते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान उंचावली. बी ओळखणं हे जसं ज्ञान, तसंच तण कोणतं आणि भाजी कोणती हे ओळखणंही ज्ञानच. सासूबाईंच्या पिढीबरोबर ते जाऊ द्यायचं का?

आता तुम्ही म्हणाल, "बोलायला सोपं, वाकायचं कुणी?" अगदी बरोबर! बाटली घरात येते, ती याच प्रश्नापायी. भाजी सगळ्यांनी खायची आणि खुरपं मात्र बाईच्याच हाती, हा कुठला न्याय? म्हणून मी आमच्याकडे ठरवूनच टाकलं, रविवारी सकाळी अर्धा तास सगळ्यांनी परसात यायचं. हे पाचटाच्या पाट्या वाहतात, मुलं गाजरगवत उपटतात आणि सासूबाई बाजेवर बसून नातीला एकेक पान ओळखायला शिकवतात.

बाटली सील न तोडता दुकानदाराला परत केली. त्या पैशात दोन नवी खुरपी आली. एक माझं आणि एक ह्यांचं!