कार्यकर्त्याची तब्येत ही गावाची जबाबदारी


वनहक्काचे दावे भरायचं काम सुरू झाल्यापासून पाड्यापाड्यात कार्यकर्ते आजारी पडत आहेत. कोणाला हिवताप, कोणाला कावीळ, कोणाची कंबर धरलेली. बैठकीत हा विषय निघाला की बरेच जण हसण्यावारी नेतात. "लढाईत तब्येत कोण बघतं?" म्हणतात. आम्हा तरुण कार्यकर्त्यांना हे पटत नाही. तब्येतीचा विषय बैठकीत घेतलाच पाहिजे, कारण आपले दावे त्याच्यावर अवलंबून आहेत.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. जो उपाशी फिरतो, रात्र रात्र जागतो, एसटी स्टँडवर झोपतो तो खरा कार्यकर्ता. ज्याने सांगितलं की आज अंगात ताप आहे, मी येत नाही, तो ढिला. मोर्चाच्या गोष्टी सांगताना किती कोस चाललो ते आपण सांगतो. परत आल्यावर किती जण खाटेवर पडले ते कोणी सांगत नाही.

वनहक्काचं काम बघा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो याचे पुरावे जमवायचे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहायचे, शिवारात जाऊन हद्द बघायची, ग्रामसभेचा ठराव लिहायचा. समितीत १० ते १५ जण असतात, पण पिशवी एकाच शिकलेल्या पोराच्या खांद्यावर. सकाळी तालुक्याला, दुपारी चहा-बिस्किटावर, रात्री दुसऱ्या पाड्यात बैठक. भर पावसात तो तापाने पडला की सगळ्या गावाचे कागद त्याच्या घरी पेटीत पडून राहतात. कोणता कागद कोणाचा, हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. एका माणसाला असं थकवलं की अख्खं गाव अडतं.

बायांचं तर विचारूच नका. समितीत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत असा नियम आहे. नावं लिहिली जातात. पण बाई पहाटे उठते, झऱ्यावरून पाणी आणते, भाकरी टाकते, निंदायला जाते, येताना लाकडं आणते, परत चूल पेटवते. मग रात्री नऊला बैठक सुरू. ती भिंतीला टेकून झोपी जाते आणि आपण म्हणतो, बाया बोलत नाहीत. अंगात रक्त कमी, पोटात अन्न कमी, मग बोलायला जोर कुठून येणार?

सिकलसेल आपल्या भिल, पावरा समाजात पुष्कळ आहे. जो नुसता वाहक आहे त्याला सहसा त्रास होत नाही. पण जो रुग्ण आहे त्याला कडक ऊन, पाणी कमी पिणं, थंडीत उघड्यावर झोपणं, फार अंगमेहनत हे सोसत नाही. हाडं-सांधे असे ठणकतात की माणूस ओरडतो. अशा पोराला एप्रिलच्या उन्हात मोर्चात चालवायचं आणि मागे राहिला की आळशी म्हणायचं, हे बरं नाही.

टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण निदान ६ महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगात जोर येतो. तेवढ्यात धरणं येतं आणि गोळ्या सुटतात. असा सुटलेला टीबी परत उलटला की साध्या गोळ्यांनी बरा होईलच असं नाही, आणि घरातल्या लेकरांनाही लागू शकतो.

आजारपण जमीन कशी खातं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. दवाखान्याचा खर्च आला की आधी बकरी जाते, मग बैल, मग नेवाड कोणाकडे तरी गहाण पडतं. नव्या कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही, हे खरं. पण तोंडी गहाण टाकायला कुठे कागद लागतो? बैल विकलेला माणूस ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. मग पडताळणीला लोक शेतावर येतात तेव्हा तिथे जबाब द्यायला कोणी नसतं. नाकेदाराशी भांडून राखलेली जमीन अशी घरातल्या तापाने जाते.

काही जुने साथी विचारतात, "नाकेदार पीक उपटायला येतो तेव्हा आपला ताप बघून येतो का?" बरोबर आहे. त्या दिवशी तापातही उठावं लागतं, आणि आपण उठतो. पण असे दिवस वर्षात थोडे. बाकीच्या दिवसांची बैठक कधी, कोणी कुठे जायचं, हे आपणच ठरवतो. ते तरी नीट ठरवू या.

आमच्या सूचना अशा:

१) दाव्यांची सगळी माहिती प्रत्येक गावात तिघांना तरी असावी, त्यात एक बाई. कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवाव्यात. तालुक्याला पाळीपाळीने जावं.

२) बैठकीची वेळ बायांना विचारून ठरवावी. रात्री नऊनंतर बैठक ओढू नये. पेरणी-निंदणीच्या दिवसांत बैठका कमी.

३) बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला आधी भाकर, मग बैठक. मोहाची दारू सणाला, देवाला ठीक. बैठकीचा शीण काढायला नको.

४) ताप आला की लगेच रक्त तपासून घ्यावं आणि गोळ्या पूर्ण घ्याव्यात. दवाखान्यात न्यायला सोबत कोण जाणार आणि मागे त्याचं शेत कोण निंदणार, हे गावाने ठरवावं.

५) टीबी, सिकलसेलचा रुग्ण आणि पोटुशी बाई यांना मोर्चात चालवू नये. लिहिणं, निरोप देणं, कागद सांभाळणं ही कामंही लढ्याचीच आहेत. बाकीच्यांसाठीही पाणी, गूळ-फुटाणे सोबत घ्यावेत.

या सूचनांना पैसा फार लागत नाही. लाह्याने एकमेकांचं शेत निंदायची आपली रीत जुनीच आहे, तीच कार्यकर्त्याच्या घरासाठी वापरायची. दावा मंजूर होईपर्यंत किती फेऱ्या होतील कोण जाणे. आणि मंजूर झाल्यावरही त्या जमिनीत नांगर धरायला धडधाकट माणूस लागणारच.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. आमचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा. तुमच्या गावाने काय ठरवलं, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर कार्यकर्त्याला तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ.