मोरीवरचा पिंपळ

आमच्या गावच्या रस्त्यावर एक जुनी दगडी मोरी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या कठड्यातून वीतभर पिंपळ निघालेला पाहिला होता. यंदा तो कमरेला लागतो. तेव्हा दोन बोटांनी उपटला गेला असता. आता मुळं दरजांत शिरलीत, ओढलं तर दगडच हाती येईल. अजून चारेक वर्षांनी मोरी ‘धोकादायक’ ठरेल, नवीचं अंदाजपत्रक निघेल, भूमिपूजनाला मांडव पडेल.

लहानपणी या रस्त्यावर मैलकुली असायचा. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी नाव तेच राहिलं. बांधकाम खात्याचा माणूस. खांद्यावर फावडं, हातात घमेलं. पाण्याला वाट करून देणं एवढंच त्याचं काम. मृगाआधी मोऱ्यांतला गाळ उपसायचा, चर मोकळे करायचे, साइडपट्टीवर चढलेली माती खरवडायची. आम्हा पोरांना वाटे, हा दिवसभर काहीच करत नाही. रस्ता उखडतच नव्हता, मग वाटणारच!

डांबराला पाणी सोसत नाही. भेगेतून ते खाली उतरतं, खडीवरचं डांबर सुटतं, वरून चार ट्रक गेले की खड्डा तयार. पुलावरच्या पाण्याचे पाइप तुंबले की तेच पाणी काँक्रीटमध्ये मुरतं आणि आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. मग काँक्रीट फोडून बाहेर येतो. हे सगळं वर्षानुवर्षं आत चालतं. बाहेरून कठड्याला नवा पिवळा-काळा रंग.

मैलकुली निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. आता खड्डा पडला की ठेकेदार येतो. पडू नये म्हणून यायचं, असं काम कुणाकडेच नाही. नव्या पुलाला कोनशिला बसते. उपसलेल्या गाळाला कोण बसवणार?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे बांधण्यात आपण कच्चे नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. आधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीवर पास झाला होता. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गेला. तो धोकादायक असल्याचं आधीच जाहीर होतं. फलक लावणं, ही एक देखभाल मात्र आपल्याकडे चुकत नाही.

परवा कोयता घेऊन मीच मोरीवर गेलो. पिंपळावर मुंजा असतो म्हणून गावात कुणी त्याला हात लावत नाही. दगडालगत छाटला, घाम पुसला. समोरचा टपरीवाला चहा गाळता गाळता बघत होता.

“भाऊ, मुळात हिंग भरा. न्हाईतर आखाडात पुन्हा फुटंल त्यो.”