नाक्यावर अडलेली वाईन

दारूने बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत. वाईनची भलामण करण्यासाठी हे लिहीत नाही. पण अमेरिकेतल्या लाल वाईनची ही गोष्ट कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याने ऐकावी अशी आहे, कारण खरे पाहता ती नाक्याची गोष्ट आहे.

तिकडे द्राक्षबागेचा छोटा मालक स्वतःच वाईन करतो. बाग पाहायला आलेल्या पाहुण्याला ती आवडली की तो वर्गणीदार होतो. मग ठरल्या वेळी ठरलेल्या बाटल्या घरपोच जातात आणि पैसे त्याच्या खात्यातून वळते होतात. द्राक्षे वेलीवर असतानाच मालकाला अंदाज येतो, किती माल खपेल आणि काय भावाने. पेरणीआधी गिऱ्हाईक ठरलेले आहे, असा कोरडवाहू शेतकरी आपल्यात किती?

हे त्यांना फुकट मिळाले नाही. १९३३ साली तिथली देशव्यापी दारूबंदी उठली. त्यानंतर बहुतेक राज्यांनी साखळी बांधली: उत्पादकाने घाऊक व्यापाऱ्याला विकायचे, त्याने दुकानदाराला, दुकानदाराने गिऱ्हाइकाला. चार पेट्यांच्या मालकाकडे घाऊक व्यापारी कशाला पाहील? व्हर्जिनियातल्या बागवाल्या जुआनिटा स्वीडनबर्ग यांना न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवता येत नव्हती. न्यूयॉर्कच्या बागवाल्यांना मुभा होती. बाहेरच्याने मात्र आधी तिथे कचेरी थाटायची! बाई कोर्टात गेल्या. सरकारी बाजू म्हणाली, पोराटोरांच्या हाती दारू जाईल, कर बुडेल. १६ मे २००५ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. परवाना लावा, कर घ्या, घेणाऱ्याचे वय तपासा. पण घरच्याला मुभा आणि बाहेरच्याला बंदी चालणार नाही. पुढे बहुतेक राज्यांनी दार उघडले.

आम्हाला आपले नाके आठवले. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी आपली गाडी सीमेवर अडायची. तीही आपल्याच 'हिता'साठी! अडवणाऱ्याची कारणे नेहमी सोवळी असतात.

मात्र नाका उठला म्हणजे काम संपले, असे नाही. त्या बाटलीवर बागेचे नाव असते. माल बिघडला तर वर्गणीदार दुसऱ्या दिवशी बंद. आपला कापूस ढिगात गेला की कोणाचा कोणता हे कळत नाही. म्हणून कवडी खपते, ओलावा खपतो, आणि स्वच्छ वेचलेल्या मालाचा भावही त्याच ढिगात बुडतो. याचा दोष एकट्या सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

कापूस कोणाच्या स्वयंपाकघरात जात नाही, ज्वारी जाते. एका गावच्या दहा जणांनी एकच वाण पेरावे, माल नीट चाळून, वाळवून, गावाच्या नावाने भरावा. शहरात गेलेली आपलीच माणसे वर्गणीदार करावीत. दरमहा दहा किलो, भाव वर्षाचा ठरलेला, दोन महिन्यांचे पैसे आगाऊ. पंचवीस घरांपासून सुरुवात झाली तरी चालेल. आगाऊ आलेला तो पैसा बियाण्याच्या वेळी सावकाराच्या ओट्यावर बसण्याची पाळी टाळू शकतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या ज्वारीचा मूठभर नमुना आणि पाच घरांचे पत्ते घेऊन या. बाकीचे समोरासमोर बोलू.