झाकल्या मुठीतल्या चुका

जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेच्या लंडनमधल्या गुंतवणूक विभागात २०१२ च्या सुरुवातीला जोखीम मोजायचं नवं गणित वापरात आलं. ते एक्सेलच्या शीट्सवर चालायचं. एका शीटमधले आकडे उचलायचे आणि हाताने दुसऱ्या शीटमध्ये चिकटवायचे. त्यातला एक फॉर्म्युला असा होता : नव्या दरातून जुना दर वजा करायचा आणि येणाऱ्या फरकाला दोन्ही दरांच्या सरासरीने भागायचं. प्रत्यक्षात शीट भागत होती बेरजेने. दोन संख्यांची बेरीज त्यांच्या सरासरीच्या दुप्पट असते, हे शाळकरी पोरही सांगेल. परिणामी बाजाराचे चढउतार निम्मेच दिसू लागले आणि जोखीम होती त्याहून कमी भासली. त्या वर्षी या विभागाच्या व्यवहारांत बँकेचे ६ अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. बुडण्याची कारणं अनेक होती, सगळं खापर त्या एका शीटवर फोडणं अन्यायाचं होईल. पण बँकेनेच जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ही चूक नोंदलेली आहे.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. हे गणित बँकेच्या स्वतःच्या तपासणी गटाने मंजूर केलं होतं. जुन्या गणिताप्रमाणे जोखमीची मर्यादा ओलांडली जात होती, नव्याने ती आटोक्यात दिसणार होती, त्यामुळे मंजुरीची घाई होती. तपासणारे हुशार नव्हते असं नाही. पण ते घरचे होते, आणि ‘होय’ म्हणावं अशी घरच्यांची अपेक्षा होती.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. धंद्यातली माहिती, म्हणजे मालाच्या याद्या, ग्राहकांची खाती, हिशेबाची सूत्रं, ठेवायची पद्धत कशी आहे हे घराबाहेरच्या अनेक जाणकारांकडून तपासून घ्यायला हवं. जाणकार म्हणजे तेच काम दुसरीकडे करणारे, एकमेकांना आणि आपल्यालाही बांधील नसलेले लोक. संशोधनाच्या क्षेत्रात याला समकक्ष परीक्षण म्हणतात. कारखाने, पेढ्या आणि सहकारी संस्था यांनीही ही शिस्त आपलीशी करावी. याला विरोध होतो तो बहुतेक चार मुद्द्यांवर. ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप गुपिताचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातली माहिती बाहेर दाखवली की स्पर्धक टपलेलेच आहेत! याचं उत्तर कॅनडाच्या गोल्डकॉर्प कंपनीने २००० साली दिलं. खाण व्यवसायात भूगर्भाच्या माहितीइतकं गुप्त दुसरं काही मानत नाहीत. तरी कंपनीचे प्रमुख रॉब मॅक्युअन यांनी ओंटारिओतल्या रेड लेक खाणीची सुमारे ५५ हजार एकरांची, १९४८ पासून साठलेली माहिती जगापुढे ठेवली आणि सोनं कुठे शोधावं असा प्रश्न विचारला. बक्षिसं एकूण ५ लाख ७५ हजार डॉलरची. हजारांहून जास्त जणांनी ती माहिती घेतली. पहिलं बक्षीस गेलं ऑस्ट्रेलियातल्या अशा चमूला, ज्याने ती खाण डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. आलेल्या सूचनांतून ११० जागा पुढे आल्या. त्यांतल्या निम्म्या कंपनीच्या भूशास्त्रज्ञांच्या यादीत नव्हत्याच, आणि या नव्या जागांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी भरीव सोनं लागलं. स्पर्धकांनी ती माहिती नक्कीच वाचली असेल. पण जमीन गोल्डकॉर्पची होती. वाचून ते खणणार कुठे?

आपल्याकडच्या मध्यम कारखान्याला तर एवढंही धाडस करावं लागत नाही. भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या कारखान्याचा आयटम मास्टर, म्हणजे वस्तूंची यादी, उघडून पाहा. ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग घ्या : आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. एका उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये त्याला ‘टू-झेड’ अशी शेपटी असते, दुसऱ्याच्या ‘झेड-झेड’. दोन्हींचा अर्थ एकच, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. पण स्टोअरमध्ये त्याचे दोन कोड पडतात. मग एखादा नवा माणूस नुसतं ‘बेअरिंग ६२०५’ टाकतो, आणखी कुणी ‘बॉल बेअरिंग २५ एमएम’, आणि एका वस्तूचे चार कोड होतात. एका कोडाखाली शिल्लक शून्य दिसते म्हणून पर्चेस ऑर्डर सुटते आणि तेच बेअरिंग दुसऱ्या कोडाखाली शेजारच्या रॅकवर धूळ खात पडलेलं असतं.

यावर उपाय म्हणून सारखी नावं एकत्र करणारं सॉफ्टवेअर आणलं, की उलटा घोळ होतो. ‘टू-आरएस’ शेपटीचं ६२०५ही त्याच गठ्ठ्यात जातं. मापं तीच, पण त्याला रबरी सील असतं. जिथे पाणी आणि कचरा उडतो तिथे रबरी सीलच्या जागी पत्र्याच्या झाकणाचं बसवलं, तर ते लवकर जातं आणि मशीन बंद पडतं. हा फरक मेंटेनन्समध्ये हात काळे केलेल्या माणसाला क्षणात कळतो, आणि असा माणूस शेजारच्या दहा कारखान्यांत आहे. त्या यादीतून दर, पुरवठादार, खप आणि शिल्लक हे चार रकाने काढून टाका. उरतं ते वस्तूचं वर्णन, आणि ते तर उत्पादकांच्या छापील कॅटलॉगमध्ये आधीच जगजाहीर आहे. मग आपण झाकतो आहोत ते काय? झाकतो आहोत आपला गोंधळ, आणि तो झाकल्याने कमी होत नाही.

गुपिताच्या आक्षेपात तथ्य आहे ते एका ठिकाणी, आणि ते मान्यच करायला हवं. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये चित्रपटांची शिफारस सुधारण्यासाठी १० लाख डॉलरची स्पर्धा लावली आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेले १० कोटी गुण नावं काढून खुले केले. टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की दुसरीकडे जाहीरपणे लिहिलेल्या अभिप्रायांशी ते ताडून पाहिले, तर काही माणसं ओळखता येतात. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द झाली. यातून घ्यायचा धडा नेमका आहे. वस्तूंचं वर्णन, सूत्रं, नोंदींचे साचे खुले करा. माणसांच्या नोंदी करू नका. ग्राहकखात्यांचा साचा तपासायचा असेल तर रकाने दाखवा आणि त्यांत काल्पनिक नोंदी भरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर याबाबत हयगय चालणारच नाही.

दुसरा आक्षेप : गर्दीला काय कळतं? दहा तोंडं, दहा मतं. गर्दीवर माझाही भरवसा नाही. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे कुणीतरी पाहिलाच असेल, या समजुतीची किंमत जगाने एप्रिल २०१४ मध्ये मोजली. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष दोन वर्षं उघड्यावर पडून होता. कोड खुला होता, पण नेमून दिलेली नजर त्यावर नव्हती; प्रकल्प मूठभर लोकांच्या खांद्यावर चालला होता. म्हणूनच मी गर्दी मागत नाही, परीक्षक मागतो. प्रश्न ठरवून द्यायचा, परीक्षक निवडायचे आणि प्रत्येकाकडून कारणांसह लेखी उत्तर घ्यायचं.

मात्र निवडताना पदव्या आणि हुद्दे पाहून दार लावू नका. दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं, की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. सरकारांनी त्याच्या आधारे काटकसरीचं समर्थन केलं. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून मूळ एक्सेल शीट मागवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात शेवटच्या काही ओळी सुटल्या होत्या आणि पाच देश गळाले होते. ही चूक, वगळलेली वर्षं आणि देशांना दिलेलं वजन असं सगळं दुरुस्त करून त्याच्या गटाने मांडलेला दर होता २.२ टक्के. तीन वर्षं ज्यांनी तो निष्कर्ष व्यासपीठांवरून सांगितला, त्यांच्याकडे हुद्दे होते. शीट उघडून पाहिली ती विद्यार्थ्याने.

तिसरा आक्षेप : त्यासाठी सल्लागार आहेत की! आहेत, आणि चांगलेही आहेत. पण ज्याने पद्धत बसवली त्यालाच ती तपासायला सांगणं म्हणजे परीक्षार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिका तपासायला देणं. शिवाय सल्लागाराला पुढचं काम हवं असतं, त्यामुळे मालकाला न आवडणारं वाक्य अहवालात मवाळ होऊन येतं. दुसऱ्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला तुमच्याकडून काहीच मिळवायचं नसतं. ‘ही कोडिंगची पद्धत चुकली आहे’ हे तो सरळ सांगतो. सल्लागार ठेवा, पण त्याच्या कामावर बाहेरची नजरही फिरू द्या.

चौथा आक्षेप : जाणकार आपला वेळ कशाला देतील, आणि निर्णय चुकला तर जबाबदार कोण? अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २००७ मध्ये न्यूयॉर्क लॉ स्कूलच्या साथीने ‘पीअर टू पेटंट’ हा प्रयोग केला. अर्जातली कल्पना खरोखर नवी आहे का, हे तपासायला बाहेरच्या तंत्रज्ञांना बोलावलं. पुढे व्यवसायपद्धतींचे अर्जही त्यात घेतले. लोक आले, मोबदल्याविना आले. त्यांनी शोधलेल्या जुन्या पुराव्यांपैकी निवडक दहाच कार्यालयाच्या परीक्षकापुढे जात, आणि निर्णय त्या परीक्षकाचाच राही. मत अनेकांचं, सही एकाची. जबाबदारी कुठेही विरघळली नाही.

आपल्या पुण्यातही याहून जुनं उदाहरण आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतल्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२३ मध्ये ना. बा. उत्गीकरांनी संपादित केलेलं विराटपर्व आधी कच्च्या स्वरूपात छापलं आणि देशोदेशींच्या संस्कृत पंडितांना विनामूल्य धाडलं : पद्धत तपासा, चुका दाखवा. पंडितांनी वेळ काढून सूचना पाठवल्या, आणि पुढे वि. सी. सुखटणकरांच्या संपादनाखाली काम चाललं तेव्हा त्या बऱ्याच अंशी अमलात आल्या. शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद सांभाळायचे, हा माहितीच्या व्यवस्थापनाचाच प्रश्न होता. जाणकाराला नेमका प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मनावर घेतलं, तर तो वेळ देतो. पोकळ ‘सूचना कळवा’ला तो भीक घालत नाही, आणि का घालावी?

तेव्हा करायचं काय, तेही सांगतो. एकाच औद्योगिक वसाहतीतल्या, पण एकमेकांचे स्पर्धक नसलेल्या आठ-दहा कारखान्यांनी एकत्र यावं. फौंड्री, गिअर, अन्नप्रक्रिया असे धंदे वेगळे असले तरी बेअरिंग, बेल्ट, मोटर, ऑइल सील सगळ्यांना लागतात. प्रत्येकाने यादीचा एकच गट काढावा, गोपनीय रकाने पुसावेत आणि एका पानावर प्रश्न लिहावा. बाकीच्यांच्या स्टोअर आणि मेंटेनन्सच्या माणसांनी ती यादी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता तपासावी. नाहीतर पहिलं मोठ्या आवाजातलं मत सगळ्यांचं होऊन बसतं. शेरा लिहिणाऱ्याला यादी कुणाची हे माहीत नसलं तर आणखी उत्तम. प्रत्येक शेऱ्यापुढे कारखान्याने ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ आणि त्याचं कारण लिहावं, खाली एका जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. आणि या कामाचे तास पगारी धरावेत. मोबदल्याविना येणारे लोक आपखुशीने येतात, आपल्या माणसाला मात्र आपण पाठवतो आहोत. परतफेड म्हणून आपणही दुसऱ्याची यादी तितक्याच कसोशीने तपासावी.

विरोध करणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. युक्तिवाद बाजूला ठेवा आणि फक्त बेअरिंगांची यादी या रीतीने तपासून घ्या. बाहेरच्यांना एकही दुबार कोड सापडला नाही, एकही चुकीचं वर्णन निघालं नाही, तर तुमची पद्धत चोख आहे हे तुम्हाला पुराव्यानिशी सांगता येईल. आणि सापडलं, तर पुढची पर्चेस ऑर्डर काढण्याआधी दुसरा रॅक बघायचा हे तुमच्या स्टोअरला कळलेलं असेल. नुकसान होतं ते फक्त तपासणी टाळण्यात, आणि ते आज तुमच्याच खात्यावर पडतं आहे.